बाई जिवंत असेपर्यंत

आमच्या डेल्फीत गुलाम सुटतो तो देवाला विकून. गुलामाला काहीच विकत घेता येत नाही, स्वतःलासुद्धा नाही. म्हणून जन्मभर पदराला बांधलेलं अपोलोच्या हवाली करायचं, मग अपोलो आपल्याला मालकाकडून विकत घेतो. देव काही काम सांगत नाही, एवढीच काय ती सुटका. व्यवहाराचा लेख देवळाखालच्या लांब भिंतीवर कोरतात. त्या भिंतीवर शेकडो माणसं आहेत. कौल मागायला आलेले यात्रेकरू माना वर करून देवळाकडे जातात आणि भिंतीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

माझं नाव फिला. मी विणकरीण आहे. माझ्यासारखं विणणं या गावात कोणाच्या बापाला जमत नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यापायीच झाला.

माझा लेख कोरला त्याला दहा उन्हाळे झाले. मालकीण दामोक्सेनाबाई, तिचा मुलगा देक्सॉन, दोन पुजारी आणि गावातले साक्षीदार असे सगळे उन्हात उभे होते. मुलाची संमती लागते, म्हणून तो. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि सारखा जांभया देत होता. पुजाऱ्यानं लेख मोठ्यानं वाचला. तिसऱ्याच ओळीत ‘स्वतंत्र’ हा शब्द आला आणि माझे कान बंद झाले. भिंतीवरच्या कुठल्याही बाईला विचारा, त्या शब्दाच्या पुढं काय वाचलं ते एकीलाही सांगता येणार नाही. मी तर टाळ्या वाजवल्या. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढची एक ओळ मात्र मला माहीत होती, कारण ती बाईनं घरीच सांगून ठेवली होती. दामोक्सेना जिवंत असेपर्यंत फिलानं तिच्याजवळ राहावं आणि ती सांगेल ते सगळं बिनतक्रार करावं. न केल्यास विक्री रद्द. मला त्याचं काही वाटलं नाही. बाई साठीपुढची होती, छाती खोकल्यानं भरलेली. मी मनात म्हटलं, दोन हिवाळे, फार तर तीन.

खोकला गेला नाही आणि बाईही गेली नाही. दहा वर्षं मी तिला मध घालून जवाची पेज भरवली, तिचे पाय शेकले आणि रोज सकाळी उठल्याउठल्या कान देऊन ऐकलं की आज खोकते का. मी तिच्या मरणाची वाट बघत होते. यात लाज कसली? अशी अट ज्यांना सुचते त्यांना लाज वाटू दे.

माझा लेख कोरला तो स्त्रातोनं. तो पाथरवट आहे, स्वतंत्र माणूस, पण खिसा कायम फाटका. “नाव नीट सांग हां,” तो तेव्हा म्हणाला होता, “एक अक्षर चुकलं तर देव भलतीलाच सोडून देईल.” तिथून सुरुवात झाली. पाच वर्षांपूर्वी मिक्का झाली. मी सुटल्यावर झालेली पोर, म्हणजे ती सुटलेलीच, असं मी धरून चालले. ती बाईच्या घरातच माझ्याबरोबर वाढली, मागाच्या पायाशी बसून लोकर पिंजायला शिकली.

या वसंतात देक्सॉनचं लग्न झालं आणि तो अंफिसाला, सासऱ्याच्या गावी, राहायला गेला. महिन्याभरानं आईला भेटायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईचे केस विंचरत होते, तेव्हा ती म्हणाली, “मिक्काची बोचकी बांध गं. देक्सॉन जाताना तिला घेऊन जाईल.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? त्याच्या बायकोला हाताखाली पोर पाहिजे. आणि तुझे हात आलेत तिच्यात. दहा वर्षांत चांगली विणायला लागेल.”

“बाई, ती माझी मुलगी आहे.”

“आणि तू कोणाची?”

“देवाची.”

“ते मी मेल्यावर. आत्ता पेज आण.”

पेज आणली. भरवली. तोंडही पुसलं. मग तशीच भिंतीकडे गेले. स्त्रातो लाकडी घोडीवर बसून दुसऱ्याच कोणाचा तरी लेख कोरत होता.

“खाली उतर आणि माझा लेख वाच,” मी म्हटलं.

“पाठ आहे मला.”

“पाठ नको. बोट ठेवून वाच.”

त्यानं वाचलं. मी ओळी मोजत होते. चौदा ओळी झाल्या आणि दगड संपला.

“पोरांचं काय?”

“पोरांचं काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“लिहिलेलं नाही. काही लेखांत असतं, पुढं होतील ती मुलं स्वतंत्र म्हणून. काहींत उलटं असतं. तुझ्यात काहीच नाही.” तो हातोडीशी चाळा करत राहिला. “न लिहिलेलं मालकाचं, असंच धरतात.”

“आणि हे तू मला आज सांगतोस?”

“अगं, वर्षाला पन्नास लेख कोरतो मी. कोरताना अक्षरं बघायची असतात, अर्थ कोण बघत बसतो?”

मी त्याच्या कानाखाली वाजवली. दगडाची पांढरी पूड उडाली. तो नुसता गाल चोळत उभा राहिला, याचा मला आणखीनच राग आला.

“तळाला बोटभर जागा आहे,” मी म्हटलं. “एक ओळ बसेल. कोर आत्ताच्या आत्ता.”

“दुसरी प्रत गावच्या दप्तरात आहे, तिसरी साक्षीदाराच्या घरी. ताडून बघतील. मला तर सोडणार नाहीतच, पण तुझीही विक्री रद्द होईल.”

“दुसऱ्यांच्या वतीनं आम्हाला बांधायला बरा चालतो तुझा हात.”

तो खरंच बोलत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण खरं बोलून कोणाची पोर वाचत नाही.

तीन दिवस मी मागावर बसून एकच विचार केला. नाही म्हटलं तर सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून विक्री रद्द, मग मी गुलाम आणि मिक्काही गेलीच. हो म्हटलं तर मी राहते आणि मिक्का जाते. देवाला साक्षी ठेवून आणि पुजाऱ्यांना जेवू घालून यांनी केवढा सापळा रचलाय, असं वाटून माझे दात करकरायला लागले. आणि यांना हवं तरी काय होतं? हात. मिक्काचे हात कामाला यायला दहा वर्षं होती. माझे आजच तयार होते.

चौथ्या दिवशी देक्सॉन अंगणात अंजिरं खात बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

“धनी, मिक्काला नेऊ नका. मला न्या.”

“तू आईजवळ आहेस.”

“बाईंच्या मागं. लेख नवा करा. बाई असेपर्यंत त्यांच्याजवळ आणि त्यानंतर तुम्ही जिवंत असेपर्यंत तुमच्याजवळ. त्या बदल्यात मिक्काला आज सोडा. भिंतीवर. एकही अट न घालता.”

त्यानं अंजिराचा देठ थुंकला. “तुला वर्षं किती?”

“चौतीस.”

“मला सव्वीस. मी तुझ्याआधी मरणार नाही, कळतंय ना?”

“दिसतंय मला.”

तो हसला. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला. ती सगळं ऐकत पडली होती. “हो म्हण रे. असली विणकरीण पुन्हा मिळायची नाही. आणि परवापर्यंत उरकून टाक, उगीच लांबण नको.” मला वाटलं, म्हातारीचा लोभ बोलतोय.

परवा सगळे पुन्हा भिंतीपाशी जमले. बाईला खुर्चीत बसवून आणलं होतं. या खेपेला मी कान उघडे ठेवले होते. पुजारी वाचायला लागला. ‘स्वतंत्र’ आलं. मी हलले नाही. पुढची ओळ आली, “आणि मिक्कानं देक्सॉनजवळ राहावं, तो जिवंत...”

“थांबा,” मी म्हटलं.

पुजाऱ्यानं असा चेहरा केला की जणू भिंतच बोलली.

“ही ओळ कोणी घातली?”

“अगं, ती नेहमीचीच आहे,” देक्सॉन म्हणाला. “सगळ्यांच्यात असते.”

“म्हणूनच काढा. विनाअट म्हणून ठरलं होतं.”

“फिला, गप्प बस,” बाई म्हणाली.

“बसते की. मग माझा नवा लेख नको आणि जुनाही नको. रद्द करा आणि दोरी बांधून न्या अंफिसाला. पण त्याआधी मी घरी जाऊन हे दोन्ही हात चुलीत घालणार आहे. मग बिनहातांची बाई सुनेला आंदण द्या आणि पोसा तुम्ही जिवंत असेपर्यंत.”

मी हात पुढं धरून तशीच उभी राहिले. मी ते केलं असतं. आजही करीन. देक्सॉन माझ्या हातांकडे बघत होता, दुधाळ शेळी खरेदी करताना बघतात तसा. साक्षीदारांत गावातला एक म्हातारा होता, त्याच्या पोटात भुकेनं कावळे ओरडत असावेत. तो म्हणाला, “काढा रे ती ओळ. खरंच करील ही बया, आणि आपलं जेवण राहील बाजूला.” दोघंतिघं हसले. माझ्या पोरीचा जन्म मार्गी लागला तो एका म्हाताऱ्याच्या भुकेपायी, आणि यासाठी मी कोणाचे आभार मानलेले नाहीत.

ओळ काढली. मग वाचलं ते असं: मिक्का स्वतंत्र असावी, ती कोणाचीही नसावी, तिला वाटेल ते तिनं करावं आणि वाटेल तिथं जावं. मी ते तीनदा वाचायला लावलं.

कोरायला स्त्रातोच होता. आधी मिक्काचं कोरलं. मग माझ्या लेखाखाली, त्याच बोटभर जागेत, ‘आणि त्यानंतर देक्सॉन जिवंत असेपर्यंत’. पहिल्याच अक्षराला त्याची छिन्नी सटकली.

“वाकडं काढू नकोस,” मी म्हटलं. “अक्षरं बघ. अर्थ बघू नकोस.”

पोर त्याच दिवशी मी त्याच्या झोपडीत पाठवली. बाईच्या घरात एक रात्र जरी ठेवली असती, तरी कोणी तिला पाणी भर म्हटलं असतं, कोणी अंगण झाड म्हटलं असतं आणि सवय तशीच राहिली असती. तिला काय कळणार? ती स्त्रातोच्या खांद्यावरून दोन्ही हात माझ्याकडे पसरून ओरडत होती की आईला मी नको झालेय. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी दार लावून घेतलं.

अकराव्या दिवशी बाई मेली.

मी तिला अंघोळ घालत होते, तेल लावत होते. देक्सॉन पडद्यापलीकडून कोणाला तरी सांगत होता, “वैद्यानं वसंतातच सांगितलं होतं, उन्हाळा काही काढायची नाही. म्हणून तर आई मागं लागली होती, परवाच्या परवा उरकून टाक म्हणून.”

माझ्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. दहा वर्षं मी या बाईचा खोकला ऐकत आले होते. तो कोरडा झालाय की ओला, हे मी भिंतीपलीकडून सांगितलं असतं. आणि ज्या दिवसांत तो बदलला, त्याच दिवसांत मी ऐकला नाही, कारण माझ्या डोक्यात मिक्काशिवाय काही नव्हतं. आपण जाणार हे तिला माहीत होतं. तिनं पोरीचा विषय काढला तोच मुळी मला हातात ठेवण्यासाठी, की खरंच पोर हवी होती, हे आता कोणाला विचारू? अकरा दिवस. अकरा दिवस मी रडतभेकत लांबवले असते तर मी आज कोणाचीच नसते. स्त्रातो म्हणतो, तसं झालं नसतं, देक्सॉननं पोर नेलीच असती, पंचांनी त्याच्याच बाजूनं कौल दिला असता. असेल. मला त्याच्याकडून ते ऐकायचं नाही.

मी तिला स्वच्छ धुतलं, पांढऱ्यात गुंडाळलं आणि दाराकडे पाय करून ठेवलं. बायका जमल्या, विलाप सुरू झाला, आणि मी जे तोंड उघडलं ते मला मिटताच येईना. केस उपटले. गाल ओरबाडले. छाती बडवून बडवून मी त्या मढ्याला मनात नको नको त्या शिव्या घातल्या, आणि बाहेर फक्त किंकाळ्या आल्या. शेजारीण दुसरीला म्हणाली, “बघ, केवढा जीव होता हिचा बाईंवर. अशी माणसं मिळायला नशीब लागतं.” देक्सॉनलाही बरं वाटलेलं दिसलं.

मढं असलेल्या घराच्या दारात परक्या घरून आणलेल्या पाण्याचा घडा ठेवतात, बाहेर पडणाऱ्यानं हातपाय धुवावेत म्हणून. दुपारी तो रिकामा झाला. स्त्रातो तेव्हा मिक्काला घेऊन आला होता. मिक्का उंबऱ्याच्या बाहेर त्याचं बोट धरून उभी होती, माझ्या रक्ताळलेल्या गालांकडे बघत. देक्सॉननं तिच्याकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, “ए पोरी, शेजारून घडा भरून आण.”

मिक्का निघालीच होती. स्त्रातोनं बोट सोडलं नाही.

“ती नाही आणणार,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. लेखावरचे दोन साक्षीदार तिथंच बाकावर बसले होते, त्यांनी माना वर केल्या.

देक्सॉनचा चेहरा लाल झाला. मिक्का कधी बापाकडे बघे, कधी माझ्याकडे. मी मान हलवली, तशी ती होती तिथंच उभी राहिली.

“फिला,” देक्सॉन म्हणाला, “पाणी.”

मी उठले, घडा उचलला आणि तिच्या शेजारून बाहेर पडले.