अंडं झिपरीचं, ओरडा नवरीचा

मित्रांनो, मी एक जुनं डालगं आहे. डालगं म्हणजे कोंबड्या झाकून ठेवायची भली मोठी बांबूची टोपली. तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, "ही मोडकी टोपली कुणी टाकली इथे?" म्हणा बापडे! माझी कड उसवली आहे आणि एका अंगाला कुत्र्यानं दात लावले आहेत, हे खरंच आहे. पण ह्या घरात कुणीच पाहिलं नाही ते मी पाहिलं आहे. पाहिलं, आणि मला सांगता आलं नाही.

माझा जन्म मंगळवेढ्यातला. एका बुरडीण मावशीनं मला विणलं. बांबूच्या ओल्या कांबी तिच्या हातात अशा वळायच्या, जशी वेणीच घालते आहे! शेवटची कांब खोचून तिनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "हत्ती बसला तरी मोडणार न्हाय." तेवढ्यात ह्या घरच्या राजाबाईंनी मला विकत घेऊन उचललं. एसटीत कंडक्टर कुरकुरला, "मावशी, ह्याचं तिकीट काढा. माणसाएवढं हाय की!"

"काढते की," राजाबाई म्हणाल्या. "मग त्याला शीट द्या बसायला!"

सगळी गाडी हसली. मला काय वाटलं म्हणून सांगू! नवं कोरं अंग, आणि पहिल्याच दिवशी एवढा मान.

माझं काम सोपं होतं, पण जबाबदारीचं. दिवस मावळला की राजाबाई "या या या" करत कोंबड्या गोळा करायच्या आणि मला त्यांच्यावर पालथं घालायच्या. वर एक दगड. मांजर येवो, मुंगूस येवो, माझ्या कांबींतून कुणाचा पंजा आत गेला नाही. शेजारणी म्हणायच्या, "राजाबाई, डालगं मिळालं तर असं." मी फुगून जायचं.

मग राजाबाईंचा मुलगा जोतिराम ह्यानं चिंचोळी एमआयडीसीतून लोखंडी जाळीचं खुराडं आणलं. त्याला कडी होती, चाकं होती. मला कुणी काही बोललं नाही. नुसतं गोठ्याच्या भिंतीकडेला आडवं टाकून दिलं. ऊन खाल्लं, धूळ खाल्ली. मित्रांनो, शिव्या परवडल्या, पण कुणी बघतच नाही हे फार वाईट.

मला वर काढलं ते जोतिरामच्या मुलीनं, ऋतुजानं. ती नववीत आहे. एक मिनिट गप्प बसेल तर शपथ! तिनं मला झटकलं, आडवंच ठेवून आत मऊ पाचट पसरलं आणि जाहीर केलं, "आजपासून हे अंडी घालायचं घर!" दुसऱ्याच दिवशी एक कोंबडी आत आली, गोल गोल फिरली, बसली. थोड्या वेळानं माझ्या पोटात काहीतरी गरम, गुळगुळीत टेकलं. अंडं! म्हातारपणी मला असं सुख मिळेल असं वाटलं नव्हतं.

ती कोंबडी म्हणजे झिपरी. ती नि नवरी नावाची दुसरी कोंबडी, दोघी पिल्लं असताना गावात मोटरसायकलवर पिल्लं विकायला येणाऱ्याकडून एकदमच घेतलेल्या. पण दोघींत केवढा फरक! नवरी तुकतुकीत, पाय हळदीसारखे पिवळे, एक पीस इकडचं तिकडे नाही. झिपरीची शेपटी झडलेली, पाठ उघडी, पाय नि चोच पांढरट पडलेली. बघणाऱ्याला वाटावं, आजारीच आहे. पण अंडं घालायची ती झिपरी! जवळजवळ रोज. गुपचूप यायची, अंडं द्यायची आणि उकिरड्यावर दाणे टिपायला पळायची. मग नवरी यायची. त्या गरम अंड्यावर ऐटीत बसायची आणि बाहेर पडून अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची, "कॉक कॉक कॉक कॉकाक!"

राजाबाई धावत यायच्या. अंडं उचलायच्या आणि नवरीपुढे मूठभर ज्वारी टाकायच्या. "माझी गुणाची गं ती!"

माझ्या कांबी कांबी तडकायच्या. अहो राजाबाई, ती नव्हे! पण टोपलीला कुठली जीभ?

आखाड लागला. आखाडात लक्ष्मीआईला कोंबडीचा नैवेद्य दाखवायचा आणि लेकी-जावयांना जेवायला बोलवायचं, ही इथली रीत. घरात बोलणं सुरू झालं, कुठली कापायची?

"त्यात काय इचारायचं?" राजाबाई म्हणाल्या. "ती झिपरी. ना रूप, ना अंडं. नुसती खायला काळ."

"आज्जी, थांब!" ऋतुजा ओरडलीच. "शाळेत जनावरांच्या दवाखान्यातल्या मॅडम आलेल्या. त्या म्हणाल्या, जी लई अंडी देती तिचाच पिवळा रंग उतरतो. सगळा रंग बलकात जातो. पिसं बी तिचीच झिजत्यात, कारण ती नटत बसत न्हाय. तुरा बघ झिपरीचा, लालभडक! नवरीचा बघ, सुकलेल्या मिरचीवानी."

"व्हय का? मग तुझ्या मॅडमला म्हणावं, आजारी माणूस बी लई कामाचं असतं!"

जोतिराम बाजेवर बसून हसला. "आई, पोरगी डॉक्टर व्हणार तुझी. कोंबड्यांची."

"हसा तुमी," ऋतुजा म्हणाली. "पक्की खूण अजून सांगितलीच न्हाय. शेपटीखाली, अंडं बाहेर येतं तितं, दोन बाजूला दोन हाडं असत्यात. त्यात दोन-तीन बोटं बसली की अंडी चालू. एकच बोट अडकलं की बंद."

"मग बघ की बोट लावून! कुणी धरलंय तुला?"

ऋतुजानं झिपरीला काखेत धरलं. लाव बोट, पोरी, लाव! पण शेपटीखाली हात नेताना तिचं तोंड वाकडं झालं. "शी... आज्जी, उद्या करू?"

आणि नेमकी त्याच वेळी नवरी माझ्या पोटातून बाहेर पडली. "कॉक कॉक कॉकाक!" राजाबाईंनी आत हात घातला. गरम अंडं ऋतुजाच्या नाकासमोर धरलं.

"ही घे तुझी पक्की खूण!"

ते अंडं झिपरीनं घातलं होतं, मित्रांनो. मघाशीच. मी सांगायला किती धडपडलं म्हणता! पण कांबी धडपडल्या तर नुसत्या करकरतात. ऋतुजानं काखेतली झिपरी खाली सोडली. तिचं बोलणं तिलाच खरं वाटेना. ती घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत होती. सकाळी झिपरी नेहमीसारखी माझ्याकडे आली. पाय फाकवून, हळूहळू, अंडं द्यायची वेळ झाली की यायची तशी. तिनं माझ्या कडेवर एक पाय ठेवला. आणि मागून राजाबाईंचा हात आला. मी रात्री रात्री कोंबड्यांना मुंगसापासून राखलेलं. त्या हातापासून हिला कसं राखू?

थोड्या वेळानं मोरीजवळून राजाबाईंची सून सिद्धेश्वरी हिचा आवाज आला. "आत्या, अहो आत्या... हे बघा."

झिपरीच्या पोटात टरफलासकट तयार अंडं होतं. त्याच्यामागं पिवळ्या बलकांचा घोस. मोठा, त्याहून लहान, त्याहून लहान, अगदी मोहरीएवढा. पुढच्या कितीतरी दिवसांची अंडी. जावयाच्या ताटात रस्सा पडला, सगळे जेवले. राजाबाई नाही जेवल्या.

संध्याकाळी ऋतुजा आली. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. ती रडली, मग तिनं नाक पुसलं आणि नवरीला धरून आज्जीपुढे नेलं.

"कुटं बघायचं, दाव मला," राजाबाई हळूच म्हणाल्या.

ऋतुजानं ह्या वेळी तोंड वाकडं केलं नाही. आज्जीचं बोट धरून तिनं जागा दाखवली.

"एक बोट बी जाईना गं."

"न्हायच जाणार."

"कापू का हिला बी?" असं त्यांनी विचारलं, आणि आपणच मान हलवली. "राहू दे. एका दिवसात दोन पापं नगं."

दुसऱ्या सकाळी नवरी आली, माझ्यात बसली आणि ओरडत बाहेर पडली. सवयीनं राजाबाई धावत आल्या. त्यांनी आत हात घातला. नुसतं पाचट. तो हात तसाच कितीतरी वेळ माझ्या पोटात राहिला. मला तो ढकलावासा वाटला आणि धरून ठेवावासाही वाटला. दोन्हीतलं काहीच मला जमलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही दारात कोंबड्या असतील. त्यांना स्वच्छ पाणी द्या, अंड्यांची टरफलं कुटून खायला घाला, अंगावर उडवून घ्यायला राख ठेवा, अंडी वाढतील. आणि कुठली काढायची हे ठरवायची पाळी आली, तर रूप बघू नका, ओरडा ऐकू नका. आधी बोट लावून बघा, आणि ते काम उद्यावर टाकू नका. देणारी कोण, हे आम्हाला ठाऊक असतं, पण आम्हाला तोंड फोडता येत नाही. तुम्हाला हात आहेत.