दोन चमचे

अफू सोडवण्यासाठी दवाखान्यानं घरी दिलेली बाटली तीस चमच्यांची होती. रोज संध्याकाळी तिच्यातलं एक चमचा अफूचं औषध घ्यायचं आणि लगेच चमचाभर उकळून गार केलेलं पाणी आत घालायचं. बाटली भरलेलीच राहते, औषध मात्र दिवसेंदिवस पातळ होत जातं. तीन आठवड्यांत ते निम्म्यावर येतं, असा कंपाउंडर कोंडाजीचा हिशेब होता.

इनायत विणकर मात्र रोज दोन चमचे काढून दोन चमचे पाणी घालत होता.

दुसरा शौकतचा. दोघांचे माग एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. बारा वर्षं, काम उरकलं की दोघं ओट्यावर बसत, एका वाटीत अफूची गोळी विरघळवत. आधी दुसऱ्याला द्यायची, मग आपण घ्यायची. शौकत दवाखान्यात यायला तयार नव्हता. तिथं नाव लिहून घेतात, म्हणाला. त्याला मागे ठेवून एकट्यानं सुटणं इनायतला जमेना. तुझा डॉक्टर आपल्याला थेंबाथेंबानं गोदावरी पाजतोय, असं म्हणून शौकत हसायचा, पण चमचा चुकवायचा नाही. चाळिसाव्या दिवशी मेव्हण्यानं बोलावलं म्हणून तो मालेगावला गेला. तेव्हापासून खबर नाही. लिहिता दोघांनाही येत नव्हतं.

आज तीन महिने पुरे झाले होते. बाटलीत पाण्याखेरीज काही उरलं नव्हतं. कोंडाजीनं छापील कागद पुढे ओढला. झोप लागते का? लागते. हात कापतो का? नाही, लुगडं मागावरून चार दिवस आधी उतरतं. शेवटचा रकाना राहिला.

"उपचारानं समाधान झालं ना, इनायतभाई?"

इनायतला अफूची आठवण आता येत नव्हती. पण दिवस कलला की कान भिंतीकडे लागायचे. पलीकडच्या मागावरची धोट्याची खटखट थांबली की उठायचं, ही बारा वर्षांची सवय. आता पलीकडे काही थांबतच नव्हतं. शौकतला एकट्यानं अफू घेणं कधी जमलं नाही. म्हणजे मालेगावात घेत असेल, तर कुणाच्या तरी समोर बसून. हा विचार इनायतला सगळ्यात जास्त टोचायचा.

त्यानं दोन चमच्यांची गोष्ट सांगून टाकली.

कोंडाजीनं पेन्सिलीनं आकडे मांडले, पुन्हा मांडले. "तरीच तुमचे पाय एवढे तुटत होते. तीन आठवड्यांत निम्म्याच्या जागी पाव राहिलं होतं हो. डॉक्टर बिचारे कारण शोधत बसले."

"त्याचेही तुटत होते. पण टिकला तो."

इनायतनं शौकतसाठी नवी बाटली मागितली. रोगी पाहिल्याशिवाय देता येत नाही, कोंडाजी म्हणाला, आणि त्याला वाईटही वाटलं.

"मग हीच भरून द्या. साध्या पाण्यानं."

"पाण्यानं काय होणार?"

"मी समोर बसलो तर तो पाणीही घेईल."

कोंडाजीनं बाटली विसळली, गार केलेलं पाणी भरलं. रकान्यात काय लिहू, असं त्यानं विचारलं. परत येऊन सांगतो, इनायत म्हणाला.

मालेगावची मोटार सुटायला अवकाश होता. इनायत बाटली मांडीवर उभी धरून बसला. बूच घट्ट आहे ना, हे त्यानं दोनदा पाहिलं.