ठकी जेवायला लागली

नर्सबाईंनी ठकीच्या डोळ्याची खालची पापणी अलगद ओढून पाहिली, मग तिचा तळवा उजेडात धरला. तळवा पांढराफटक होता. पोर काय काय खाते, असं त्यांनी विचारलं.

"सगळं खाते," मावशी म्हणाली.

ठकी काहीच खात नव्हती. ती का खात नाही, हेही मावशीला पक्कं ठाऊक होतं.

ठकी तिच्या धाकट्या बहिणीची लेक. मावशीचं स्वतःचं मूल जन्मलं ते रडलंच नाही, आणि आता पुन्हा आशा नको, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगून टाकलं. पाठोपाठ धाकटी बाळंत झाली. तिचा रक्तस्राव काही केल्या थांबेना, त्यातच ती गेली. इकडे मावशीची छाती दुधाने दगड झालेली, तिकडे पोर भुकेने रडून काळीनिळी. कुणी बसून काही ठरवलं नाही. मावशीने पोर उचलून छातीशी लावली, एवढंच.

ठकीचे बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. भला माणूस. सुट्टी मिळाली की यायचे आणि लेकीला मांडीवर घेऊन नुसते बसून राहायचे. त्यांची लांबच्या बंदरावर बदली झाली तेव्हा ते चाचरत म्हणाले होते, की पोर जेवायला लागली की घेऊन जाईन. तिकडे माझी आई सांभाळेल. मावशीने मान डोलावली. नाही म्हणायला तिचा हक्क तरी काय होता?

तेव्हापासून चमचा तिचा वैरी झाला. लॉन्ड्रीत ठकीला टोपलीत निजवून ती इस्त्री करायची आणि जेवणाच्या वेळेला घरी आली की आधी तिला पोटभर पाजायची. कुस्करलेला बटाटा, मऊ भात सगळं त्यानंतर. भरल्या पोटाची ठकी तोंड फिरवायची, घास थुंकून टाकायची. "बघा, नाहीच खात," असं मावशी नवऱ्याला दाखवायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मुळातच अबोल. तो बघायचा आणि हात धुवायला जायचा.

नर्सबाई काही रागावल्या नाहीत. "दूध तोडू नका हो," त्या म्हणाल्या. "पण आता नुसत्या दुधावर भागायचं नाही. आईच्या पोटातून आणलेली शिदोरी संपली तिची. डाळ, अंडं, भाजी, मटण, जे घरात असेल ते मऊ करून द्या. आधी जेवण, मग दूध. रक्त फार कमी आहे पोरीचं."

त्यांनी औषधही लिहून दिलं, पण मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. रक्त म्हटल्यावर तिला धाकटीच्या खाटेखालची बादली दिसली होती.

घरी येऊन तिने डाळ आणि गाजर शिजवून घोटलं. ठकी नेहमीसारखी तिच्या छातीशी झोंबायला लागली. मावशीने तिला दूर धरलं. पोरीने आकांत मांडला, रडून रडून उचकी लागली. नवरा कामावरून आला, तो दारातच थांबला.

"मी भरवू?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "तू आधी पाजतेस, ते मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही ती हवी होती."

मावशीने चमचा पुन्हा पुढे केला. शेवटी ठकीने हुंदका देताना तोंड उघडलं आणि पहिला घास आत गेला. तिने तो गिळला. पुन्हा तोंड उघडलं.

हळूहळू वाटी दिसली की ठकी हात नाचवायला लागली. गालांवर लाली आली. नर्सबाई खूश झाल्या. ठकीचे बाबा आले, तेव्हा मावशीने त्यांच्यासमोरच तिला भरवलं आणि वाटी खाली ठेवून म्हणाली, "भाऊजी, जेवते आता. घेऊन जा."

ते फरशीकडे बघत राहिले. "ताई, राहू दे अजून थोडे दिवस."

"नको. आज माझ्या तोंडून निघतंय. उद्याचा मला माझाच भरवसा नाही."

मग तिने सगळं समजावून सांगितलं. आधी जेवण, मग दूध. डब्यातलं दूध कपाने पाजायचं, ते बंद करायचं नाही. तिने तोंड मिटलं की घास कोंबायचा नाही. त्यांनी मन लावून ऐकलं. कधीही या ताई, असं म्हणाले. कधीही जाणं होणार नव्हतं, हे दोघंही जाणून होते.

ठकी बाबांच्या खांद्यावरून सगळ्यांकडे हसत बघत गेली. पोट भरलेलं होतं, त्यामुळे रडली नाही.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत एक बाई कपडे न्यायला आली. तिच्या कडेवरचं मूल भुकेने किरकिरत होतं, आणि बघता बघता त्याने भोकाड पसरलं. मावशीची छाती एकदम ताठरली. ब्लाउज पुढून भिजत गेला. त्या बाईची नजर तिथे गेली आणि घुटमळली.

"पाणी सांडलं," मावशी म्हणाली, आणि तिने त्या बाईच्या चादरींचं गाठोडं बांधायला घेतलं.