वरच्या आळीचा धूर

पेना शेजारणीच्या फाटकावरचा कागद काही केल्या निघत नव्हता. वेलिकाने फडकं पुन्हा कोमट पाण्यात बुडवलं, कागदावर दाबून धरलं आणि सुरीचं बोथट टोक कडेखाली सरकवलं. फोटोतली पेना पावसाने निळसर झाली होती, पण डोळे तेवढे शाबूत होते आणि ते सरळ वेलिकाकडेच बघत होते.

"रागावू नकोस गं," वेलिका तिला म्हणाली. "एका दिवसाचा प्रश्न आहे. परत लावते."

दुखवट्याचा कागद फाटकावरून कुणी काढत नाही. माणूस गेलं की लावायचा, चाळिसाव्या दिवशी नवा लावायचा, पुढे दरवर्षी लावायचा, आणि काढायचं काम ऊन-पावसावर सोडून द्यायचं. गोर्नी द्रेन गावात माणसं भराभर गेली. मागे राहिलेली कागद चिकटवत राहिली. त्यामुळे वरच्या आळीत शिरलं की दोन्ही बाजूंच्या फाटकांवरून ओळखीचे चेहरे बघायचे आणि आत मात्र कुणी नसायचं.

कागद एकदाचा सुटला. वेलिकाने तो एप्रनवर पसरून टिपला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. खिशात त्सोलो होता, गेना होती, शाळेचे जुने मास्तर होते, आणि सगळ्यांत खाली तिचा नवरा क्रुम. त्याला तिने सकाळी सगळ्यांत आधी काढलं होतं, म्हणजे मग इतरांचं करताना लाज वाटायला नको.

ही सगळी अक्कल नायडेनची. नायडेन गावचा सरपंच, क्रुमचा लहानपणापासूनचा दोस्त. दहा-बारा म्हाताऱ्यांच्या गावाला सरपंच लागतो कशाला, असं तो स्वतःच विचारायचा आणि स्वतःच हसायचा. पण गेल्या आठवड्यात तालुक्याहून परतला तो हसण्याच्या पलीकडे गेलेला होता. राजधानी सोफियातली एक मोठी दूध कंपनी या भागात गोठ्यासाठी जागा शोधत होती. यादीत दोन गावं होती. एक नदीपलीकडचं दोल्नी द्रेन, आणि एक आपलं. इथला सहकारी शेतीच्या काळातला जुना गोठा, ज्याची कौलं आणि लोखंड लोकांनी केव्हाच उचलून नेलं होतं, तीच जागा त्यांना हवी होती.

"दोल्नीमध्ये आता फक्त कुत्री उरलीत," नायडेन तिला म्हणाला होता. "आपण निदान दोन पायांवर चालतो. पण वहिनी, साहेब आला आणि त्याने ही फाटकं बघितली तर गाडीतून उतरणारसुद्धा नाही. मेलेल्या गावात कोण पैसा घालतो?"

"मग काय करायचं, भावजी? उठवायचं त्यांना?"

"उठवायचंच," तो म्हणाला. "किल्ल्या आहेत ना तुमच्याकडे?"

किल्ल्या होत्या. गाव सोडताना जो तो वेलिकाकडे किल्ली ठेवून गेला होता. कुणी वर्षभरासाठी, कुणी मुलाचं शिक्षण होईपर्यंत. त्या सगळ्या तिच्या स्वयंपाकघरात दाराजवळच्या खिळ्यांवर लटकत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या किल्ल्यांचे मालक आता तिच्या खिशात होते.

वेलिकाने एरवी नायडेनला वेड्यात काढलं असतं. पण तिची मुलगी रालित्सा इटलीत चीजच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नवऱ्याशी फारकत झाली, मूल झालं नाही, तिथे कुणाच्या तरी घरात एक खोली घेऊन राहत होती. तिच्या मालकाने पुढच्या तीन वर्षांचा करार पुढ्यात ठेवला होता आणि शनिवारपर्यंत सही मागितली होती. कंपनीची बातमी वेलिकाने तिला फोनवर सांगितली होती.

"तिथे काम असेल तर मी येते, आई," ती म्हणाली होती. "खरंच येते. फक्त नक्की काय ते कळू दे."

त्या एका वाक्यावर वेलिका कामाला लागली. आज गुरुवार होता. पहाटेपासून तिने आणि नायडेनने वरच्या आळीतलं घर न् घर उघडलं. चुली पेटवल्या. वर्षानुवर्षं थंड पडलेली धुराडी आधी खोकली, त्यांनी घरभर धूर केला, पाखरांची घरटी खाली टाकली आणि मग हळूहळू वर ओढायला लागली. वेलिकाने कपाटांतले पडदे काढून खिडक्यांना लावले. पेनाच्या घरात तिच्या नातवंडांचे कपडे जसेच्या तसे घडी घालून ठेवलेले सापडले. इवलेसे फ्रॉक, मोजे, एक पिवळा स्वेटर. वेलिकाने ते पाण्यातून काढले आणि अंगणात दोरीवर वाळत घातले. नातवंडं आता लंडनमध्ये कॉलेजात होती.

दहाच्या सुमाराला ती आळीच्या टोकाला उभी राहिली आणि तिने मागे वळून पाहिलं. सगळ्या धुराड्यांतून धूर निघत होता. कुठेतरी जळक्या लाकडाचा, कुठेतरी जळक्या घरट्याचा वास होता. खोटं आहे हे ठाऊक असूनही क्षणभर तिला वाटलं, आता कुठलंतरी फाटक उघडेल आणि गेना चाळणी मागायला येईल.

नायडेन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या नाकाला काजळी लागली होती.

"क्रुम असता तर रडला असता," तो म्हणाला.

"क्रुम असता तर त्याने आधी लाकडं कुणाची वापरलीत ते विचारलं असतं," वेलिका म्हणाली, आणि दोघंही हसली.

साहेब आला तो अगदी तरुण निघाला. दोब्रेव नावाचा इंजिनियर, स्वच्छ बूट, वागायला नम्र. गाडी खाली चौकात ठेवून तो म्हणाला, मी चालतच बघतो. नायडेन त्याला वरच्या आळीने घेऊन गेला. ठरल्याप्रमाणे म्हातारा सावा आपल्या शेळ्या घेऊन समोरून गेला. मग मागच्या वाटेने वळसा घालून त्याच शेळ्या घेऊन पुन्हा समोरून गेला आणि दुसऱ्या खेपेलाही तितक्याच आदबीने टोपी काढून नमस्कार केला.

"या घरात राहतात का?" दोब्रेवने विचारलं.

"राहतात म्हणजे काय," नायडेन म्हणाला. "आता कामावर गेलेत."

"आणि हे लहान मुलांचे कपडे?"

"मुलं शाळेत. सकाळी बस येते ना."

दोब्रेव थांबला. त्याने दोरीवरच्या पिवळ्या स्वेटरकडे पाहिलं, मग आळीच्या टोकापर्यंत धुराड्यांवरून नजर फिरवली. पुढे तो फारसं बोलला नाही. तो भारावून गेलाय, असं नायडेनला वाटलं, आणि त्याने शाळेच्या बसमध्ये आणखी दोन मुलं चढवली.

वेलिकाने घरी बानित्सा केली होती, अंडी आणि घरचं चीज भरून, वरचे पापुद्रे कुरकुरीत. दोब्रेवने पहिला तुकडा खाल्ला आणि मनापासून मान हलवली.

"आजी, असं चीज सोफियात मिळत नाही."

"माझी मुलगी याहून छान करते," वेलिका म्हणाली. "चीजच्या कारखान्यातच आहे ती. इटलीत. पण येईल परत. तुमचं काम सुरू झालं की येईल."

दोब्रेवने काटा खाली ठेवला. जुन्या गोठ्यापासून ही आळी किती लांब आहे, असं त्याने विचारलं.

"पाच मिनिटं," नायडेन उत्साहाने म्हणाला. "माणूस घरून निघाला की चहा गार व्हायच्या आत कामावर."

"तेच तर," दोब्रेव म्हणाला. त्याने दोघांकडे पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटत असावं. "तुम्ही इतक्या प्रेमाने सगळं दाखवलंत, म्हणून तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. हे इथे होणार नाही. सरकारी कागदांत हे गाव जवळजवळ रिकामं दिसत होतं. त्यासाठीच तर मी आलो होतो."

दोब्रेवने जुन्या गोठ्याच्या दिशेला बोट केलं.

"दोन हजार गाई राहणार. शेणाचं तळंच होतं तिथे, त्याचा वास किती लांब जातो! घरं इतकी जवळ असली की लोक सह्या गोळा करतात, रस्त्यात आडवे पडतात. आणि इथे तर लहान मुलं आहेत. ज्या गावात एखाददुसरं घर असतं तिथे ते आम्ही विकत घेतो, माणसं दुसरीकडे जातात, प्रश्न मिटतो. इथे कितीजणांना उठवणार? हे चांगलं नांदतं गाव आहे. नदीपलीकडे कुणीच नाही, ते सोपं पडेल."

नाकावरची काजळी सोडून नायडेनचा चेहरा पांढरा पडला.

"साहेब," तो म्हणाला, "तशी... इतकी माणसं नाहीत हो इथे."

"आता कमी करू नका," दोब्रेव हसून म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितली."

नायडेनने वेलिकाकडे पाहिलं. आधी तिच्या तोंडाकडे, मग तिच्या एप्रनच्या खिशाकडे. खिसा फुगलेला होता. वेलिकाचा हात केव्हाचा खिशात होता. ओलसर घड्या तिच्या बोटांना लागत होत्या. सगळे टेबलावर मांडले असते तर काम झालं असतं. ही पेना, ते फ्रॉक तिच्याकडचे. हा त्सोलो, त्याची चूल मी पेटवली. हे मास्तर. हा माझा नवरा.

"कामाला किती माणसं घेणार होता तुम्ही?" तिने विचारलं.

"इथे? पाच-सहा. दूध यंत्रं काढतात. गाय आपणहून आत जाते, आपणहून बाहेर येते."

"आणि चीज? पॅकिंग?"

"ते सगळं सोफियात, आजी. इथून फक्त टँकर जाणार."

वेलिकाने खिशातून हात काढला. तो रिकामा होता. तिने सुरी घेतली, बानित्साचा आणखी एक तुकडा कापला आणि दोब्रेवच्या ताटात ठेवला.

"खा," ती म्हणाली. "लांब जायचंय तुम्हाला."

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत नायडेन फाटकाशी हात वर करून उभा होता. मग तो आत आला आणि दोब्रेव बसला होता त्याच खुर्चीत बसला.

"का नाही दाखवलेत?" त्याने विचारलं. आवाजात राग कमी आणि दमणूक जास्त होती. "रस्ता झाला असता. अँब्युलन्स तरी वर आली असती."

"कुणासाठी आली असती? तुम्हाला-मला आधी उठवलं असतं."

"उठवलं असतं तर उठलो असतो. तालुक्याला एखादी खोली घेतली असती. तिथे निदान दुकान आहे खाली."

"आणि किल्ल्या कुणाकडे दिल्या असत्या, भावजी?"

नायडेनने दाराजवळच्या खिळ्यांकडे पाहिलं. आज घाईत बऱ्याच किल्ल्या घरांच्या कुलपांतच राहिल्या होत्या आणि खिळे उघडे दिसत होते. मग तो नाकावरची काजळी पुसत बसला आणि ती सगळ्या गालावर पसरली.

"चुली विझवून येतो," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"राहू द्या. विझतील आपोआप."

तिने पातेल्यात मूठभर पीठ पाण्यात कालवलं आणि मंद आचेवर खळ शिजायला ठेवली. खळ चिकट झाल्यावर नायडेनने न सांगता पातेलं उचललं. दोघं वरच्या आळीला निघाली. उन्हं उतरली होती. काही धुराडी गप्प झाली होती, काहींतून अजून बारीक धूर येत होता. क्रुमला तिने स्वतःच्या फाटकावर सगळ्यांत आधी लावलं, मग मास्तरांना, मग गेनाला. नायडेन बोटांनी खळ फासायचा आणि ती वरून कागद ठेवायची. घड्यांच्या जागी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एक उभी आणि एक आडवी रेघ आली होती.

पेनाच्या फाटकाशी फोन वाजला. वेलिकाने खळीचा हात एप्रनला पुसला.

"आले होते का गं?" रालित्साने विचारलं. तिच्यामागे यंत्रांचा आवाज होता. तिची कामाची पाळी अजून संपली नव्हती.

"आले होते."

"मग? काय म्हणाले?"

वेलिकाने नायडेनकडे पाहिलं. तो पातेल्यात बघत होता. दोरीवर पिवळा स्वेटर वाळून हलका झाला होता.

"नाही जमणार म्हणाले. गावात माणसं फार आहेत, म्हणाले."

पलीकडे यंत्रांचा आवाज मागे पडला; ती दाराबाहेर आली असावी.

"कुठल्या गावात?" रालित्साने विचारलं.

पेनाच्या कागदाचा एक कोपरा खळ कमी पडल्याने वर आला होता. वेलिकाने तो अंगठ्याने दाबला आणि चिकटेपर्यंत तसाच धरून ठेवला.