बिघडलेला स्टोव्ह

गोष्ट १९७१ सालची. धाकटी, घरात तिला सगळे याच नावाने हाक मारत, तेव्हा अडतीस वर्षांची होती आणि कुमारवयाच्या मुलांसाठी तिने आयुष्यातली पहिली कादंबरी लिहून हातावेगळी केली होती. नायिका अर्थातच गरीब, एका खोलीत राहणारी आणि नको तितकी गुणी.

संपादकबाईंनी तिला बोलावून घेतलं. त्या आधी वीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे लाल पेन्सिल हातातून सुटली नव्हती.

"ही तुमची मुलगी सकाळी कपडे धुऊन वाळत घालते."

"हो."

"दुपारी ते घड्या घालून कपाटात असतात. कोणी ठेवले?"

धाकटी गोंधळली. "वाळले की... येतात ना ते?"

संपादकबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही वाढलात कुठे?"

धाकटीने सांगितलं. अकरा खोल्या, दोन मोटारी, पियानो शिकवायला एक बाई आणि बुटांच्या नाड्या बांधायला दुसरी. बाराव्या वर्षापर्यंत अंडं सोललेलंच असतं असं आपल्याला वाटायचं, हेही तिने मान खाली घालून कबूल केलं.

संपादकबाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "अहो, मग हे लिहा की! गरिबीच्या नावाने कशाला गळा काढताय?"

धाकटी झपाटल्यासारखी लिहायला बसली. तीन महिन्यांत नवं पुस्तक तयार. त्यातलं सातवं प्रकरण असं होतं: एका रविवारी स्वयंपाकीणबाईंच्या लेकीचं लग्न असतं. सगळी नोकरमंडळी तिकडे, वडील परगावी. घरात उरतात आई आणि तेरा वर्षांची मुलगी. भूक लागते. जिच्यापुढे अख्खं घर चळचळा कापायचं ती आई स्टोव्हपुढे उभी राहते, बर्नर तापवायचा काकडा न पेटवताच पंप मारते, ओटाभर रॉकेल करते, काड्यांची पेटी संपवते आणि शांतपणे म्हणते, "स्टोव्ह बिघडलाय." मग दोघी चमच्याने जॅम खात बसतात. संध्याकाळी स्वयंपाकीणबाई लग्नातल्या लुगड्यातच येतात आणि एका काडीत स्टोव्ह पेटवतात. आई आपल्या खोलीत जाऊन रडते.

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"हे प्रकरण आहे म्हणून पुस्तक आहे," संपादकबाई म्हणाल्या. "हे काढलंत तर मी छापणार नाही. पण आईला विचारलंत का?"

 आपल्या विलायती टोपीवर विनोद करणाऱ्या भाच्याचं तोंड आईने नऊ वर्षं पाहिलं नव्हतं.

आई तेव्हा सत्तरीची. तिने चष्मा लावून प्रकरण वाचलं, पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "साफ खोटं आहे."

"काय खोटं?"

"स्टोव्ह बिघडला होता."

"आई, बाईंनी एका काडीत पेटवला."

"आधी दुरुस्त केला. विचार तिला."

स्वयंपाकीणबाई शेजारीच बटाटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला मेलीला कुठलं आठवायला! बाईसाहेब म्हणतात, म्हणजे बिघडला असेल."

"बघ!"

"बरं, बिघडला होता," धाकटी म्हणाली. "तुला नको असेल तर प्रकरण काढते. मग पुस्तकही नाही. एकदा काय ते सांगून टाक."

आईने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "मी रडले ते तू कुठून पाहिलंस?"

"दाराच्या फटीतून."

"पियानोला एवढे पैसे घातले, आणि शिकलीस हे." तिने पानं पुन्हा उघडली. "इथे लिहिलंयस, नोकरांसमोर मान खाली गेली म्हणून आई रडली. मानेचं काय घेऊन बसलीस? दिवसभर तू उपाशी होतीस आणि मला काही करता आलं नाही, म्हणून रडले. एवढं कळू नये तुला?"

 बटाटे सोलणारा हात थांबला.

"ते बदल," आई नाक पुसत म्हणाली. "आणि तो जॅम नव्हता, संत्र्याचं मार्मलेड होतं. मग खुशाल छाप."

धाकटीने तिथेच बसून दोन्ही बदललं.

पुस्तक निघालं आणि मुलांनी डोक्यावर घेतलं. संपादकबाई चौथ्या आवृत्तीनंतर निवृत्त झाल्या आणि शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिका लाल पेन्सिलीने तपासू लागल्या. धाकटीने आणखी नऊ पुस्तकं लिहिली; सगळ्या नायिका मोठ्या घरातल्या आणि बिनकामाच्या. आई चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन गेली. शेवटपर्यंत भेटायला येणाऱ्या शाळकरी मुलींना ती स्वतःच्या सहीची प्रत द्यायची, जणू पुस्तक तिनेच लिहिलं होतं. भाच्यालाही तिने एक पाठवली.

स्वयंपाकीणबाई म्हातारपणी त्याच लेकीकडे राहायला गेल्या. नातीने त्यांना सातवं प्रकरण वाचून दाखवलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी धाकटीला निरोप धाडला: पुस्तक झकास आहे, पण लग्नाबद्दल एक ओळ नाही. नवरी कशी दिसत होती, जेवायला काय होतं, काहीच कसं लिहिलं नाही?

धाकटी ते कुठून लिहिणार? बोलावणं आईला आणि तिला, दोघींनाही होतं. गेलं कोणीच नव्हतं.