डॉक्टरीणबाईंच्या जीपचे टायर

इंदापूर-बारामती रस्त्यावर लासुर्ण्याच्या अलीकडं जीपचा मागचा डावा टायर फुटला, तेव्हा विजयमालाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. रबरातून आतले दोरे गेले दोन महिने डोकावत होते. तिनं स्वतःच जॅक लावून स्टेपनी चढवली. तीही तितकीच गुळगुळीत. पुढच्या पंक्चरवाल्यानं चारी चाकांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात आता निस्ती हवा राहिलीय."

विजयमाला जनावरांची डॉक्टर. नरसिंहपूरच्या अलीकडं तिचं सासर, आणि आसपासच्या पंधरा-वीस गावांतली गुरं तिच्या भरवशावर. मागल्या वर्षी उसाच्या वाटेवर मोटारसायकल घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून ती सासऱ्यांची जुनी जीप चालवायची. आप्पासाहेबांनी ती बावीस वर्षांपूर्वी एका लिलावात घेतलेली. पत्र्याला गंज होता, पण इंजिन ठणठणीत, आणि चारी चाकांना जोर मिळायचा. काळ्या रानात कालव्याचं पाणी सुटलं की दुसरी कुठलीच गाडी चालत नसे.

संध्याकाळी तिनं घरात विषय काढला आणि तिथंच चुकलं.

"त्यासाठी बाजारात कशाला जायाचं?" आप्पासाहेब म्हणाले. "शेडमधी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं दोन टायर पडल्यात. साईज तीच हाय, सहा-सोळा. अजून दोन हुडकू."

"आप्पा, साईज तीच असली तरी ते ट्रॅक्टरचे आहेत. ट्रॅक्टर सावकाश चालतो, मी हायवेला साठनं जाते. आणि त्याच्यावर नुसत्या उभ्या रेघा आहेत. चिखलात पकड कशी मिळणार?"

"सोळा म्हंजे सोळा. इंचात कुठं ट्रॅक्टर आन् जीप असतंय व्हय?"

तिनं हेच तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. आप्पासाहेबांनी तिन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं आणि सकाळी उठून एक टायर शेडमधून जीपपर्यंत लोळवत आणून ठेवला. नवरा आनंद वालचंदनगरला कंपनीत नोकरीला. फोनवर तो म्हणाला, "मी ह्यात पडत नाही," आणि शब्दाला जागला.

धाकटा दीर यशराज मात्र आनंदानं पडला. त्याचं बारामतीत मोबाईलचं दुकान. "वहिनी, तुम्ही फक्त गाडी घेऊन या," तो म्हणाला. "टायरचं माझ्यावर सोडा."

बारामतीत पहिल्या दुकानदारानं साईज ऐकूनच मान हलवली. ही साईज आता कोणी ठेवत नाही, मागवावी लागेल, आठ दिवस तरी. दुसऱ्यानं तिच्याकडं न बघता यशराजला विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"मी," विजयमाला म्हणाली.

"मग मॅडमना मऊ टायर देऊ. आवाज करत नाहीत."

"आवाज चालेल मला. चिखलात चालणारे पाहिजेत."

"चिखलात कशाला जाता मॅडम?" हेही त्यानं यशराजकडं बघूनच विचारलं.

तिसऱ्याकडं चिखलाचे टायर होते, पण त्यांची किंमत ऐकून तिनं नुसता नमस्कार केला आणि बाहेर आली. तेवढ्या दोन तासांत तिला तीन गावांतून फोन आले होते. एक गाय ताप घेऊन बसली होती, दोन ठिकाणी शेळ्या पोटफुगीनं आडव्या होत्या. गुळगुळीत टायरवर तिथं जायचं म्हणजे पुन्हा कुठंतरी अडकायचं.

यशराज ह्याच वेळेची वाट बघत होता. त्याच्या एका मित्राकडं वापरलेला सेट होता, पंधरा इंची अ‍ॅलॉयची चाकं आणि त्यांवर रुंद टायर. नक्षी अजून अर्धी शिल्लक होती. मित्र जीपच्या चाकांच्या जुन्या चार लोखंडी डिस्क घेऊन उरलेल्या किमतीत सूट द्यायला तयार होता.

"हे फार रुंद नाहीत का?" तिनं विचारलं.

"वहिनी, जेवढा रुंद टायर तेवढी पकड. साधं गणित आहे."

तिला ते पटलं नव्हतं. पण ऊन चढत होतं, फोन वाजत होता आणि सेट समोर तयार होता. ती हो म्हणाली. तासाभरात चाकं बसली. यशराजनं जीपसमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढले.

घरी येईपर्यंत तिचे खांदे भरून आले. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं होतं आणि पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना घासून करकरायचा. "नवीन हाय, बसंल हळूहळू," आप्पासाहेब म्हणाले आणि लगेच पुढं, "माझं ऐकलं असतं तर," एवढं बोलून आत गेले.

चौथ्या दिवशी सकाळी मुक्ताबाईंचा फोन आला. मुक्ताबाई नदीकाठच्या रानात एकट्या राहणाऱ्या विधवा, दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या. "डॉक्टरीणबाई, म्हस अडलीय. रेडकाचा एकच पाय दिसतुया. लवकर या."

विजयमाला दहा मिनिटांत निघाली. डांबरी रस्ता संपून उसामधली वाट लागली, आणि तिच्या लक्षात आलं की पहाटेच कुणाच्या तरी पाटाचा बारा फुटला होता. वाटेवर घोटाभर पाणी आणि खाली लोण्यासारखी काळी माती. पूर्वीची चाकं असती तर ती चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत गेली असती. हे रुंद टायर वरच्यावरच तरंगले. पन्नास पावलांत त्यांच्या नक्षीत माती गच्च भरली आणि चारी चाकं शेणानं लिंपल्यासारखी गुळगुळीत झाली. जीप आडवी सरकायला लागली. तिनं स्टेअरिंग वळवलं तसा पुढचा टायर स्प्रिंगला जाऊन भिडला, दोन्हींच्या मधे चिखल ठासला आणि चाक तिथंच जखडलं.

तिनं मागंपुढं करून पाहिलं. जीप जास्तच रुतली. मग तिनं बॅग डोक्यावर घेतली, बूट काढून गाडीत टाकले आणि चालू लागली. गोठा सव्वा किलोमीटरवर होता. त्या चिखलातून पोचायला तिला पाऊण तास लागला.

रेडकाचा दुसरा पाय आत दुमडलेला होता. तिनं हात घालून तो सरळ केला, दोरी लावली, मुक्ताबाईंनी आणि तिनं मिळून ओढलं. रेडकू बाहेर आलं तेव्हा गेलेलं होतं. तिनं त्याच्या नाकातला चिकटा काढला, छाती चोळली, उलटं धरून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. म्हैस मात्र वाचली.

मुक्ताबाईंनी घागर आणून तिच्या पायांवर पाणी ओतलं. "तुमी आलात तरी," त्या म्हणाल्या. "म्हस ऱ्हायली, बास झालं."

आपण पाऊण तास आधी पोचलो असतो तर रेडकू जगलं असतं की नाही, हे विजयमालाला सांगता आलं नसतं. ते कुणालाच सांगता आलं नसतं, आणि तिला सगळ्यात जास्त त्रास ह्याचाच होत होता.

जीप दुपारी ट्रॅक्टरनं ओढून काढली. संध्याकाळी यशराजचा फोन आला. "वहिनी, तुम्ही हवा थोडी कमी करायला पाहिजे होती," तो म्हणाला.

"यशराज," ती म्हणाली, "उद्या माझ्या जुन्या डिस्क परत आणायच्या. चारीच्या चारी."

ते सोपं नव्हतं. मित्रानं त्या दुसऱ्याच दिवशी भंगारात घातल्या होत्या. यशराजनं दुकान बंद ठेवून दोन दिवस त्यांचा माग काढला. दोन भंगारवाल्याकडंच मिळाल्या. एक ढाब्यावर मोठ्या छत्रीच्या दांड्याखाली वजन म्हणून ठेवलेली होती. चौथीची एका ऊसतोडणीच्या टोळीवर चूल झाली होती आणि तिच्यावर सारजा नावाची बाई भाकरी करत होती. यशराजनं तिथून घाबरत फोन केला, "काय करू?"

"राहू दे तिची चूल," विजयमाला म्हणाली.

स्टेपनीची धरून चार झाल्या. त्या घेऊन ती इंदापूरला दादासो नावाच्या म्हाताऱ्या टायरवाल्याकडं गेली. आप्पासाहेबही आले, आणि न सांगता मागं ट्रॅक्टरचा तो टायर टाकून आले.

दादासोंनी जीपखाली वाकून बघितलं, घासलेल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "गाडी जाती कुठं?"

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच कुणीतरी तिला विचारत होतं. तिनं सांगितलं. निम्मा हायवे, निम्मं काळं रान.

"मग अरुंदच पायजे. जाड गोट्यांच्या नक्षीचं. फॅशनीचं नसतंय म्हणून दुकानात ठेवत न्हाईत, पर सगळ्यात स्वस्त तेच पडतंय. चार दिवसांत आणून देतो. पाचवी डिस्क माझ्याकडं पडलीय, ती घेऊन जावा."

आप्पासाहेबांनी आपला टायर पुढं केला. "ह्यो चालंल का? साईज सोळाच हाय."

"सोळाच हाय, आप्पासाहेब. पर ह्यो गाडी वळवायचा टायर, वढायचा न्हवं. आन् पळायला तर मुळीच न्हवं."

आप्पासाहेबांनी मान डोलावली. "बराबर हाय. हे कुणी नीट सांगितलंच न्हाय मला."

विजयमालानं रस्त्याकडं तोंड केलं आणि पलीकडच्या बाजूनं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या मोजत उभी राहिली. सातव्या ट्रॉलीनंतर वळून तिनं दादासोंना टायरांची आगाऊ रक्कम दिली.

अरुंद टायर बसवल्यावर ती पहिल्यांदा गेली ती मुक्ताबाईंकडं, म्हशीला शेवटचं इंजेक्शन द्यायला. आप्पासाहेब शेजारी बसले होते. वाटेवर पुन्हा पाणी होतं.

"दुसऱ्यात टाक," ते म्हणाले. "न्हाय, पयल्यात. जरा उजवीकडनं घे."

तिनं गाडी पहिल्यात ठेवली आणि डावीकडूनच घेतली. जीप थोडी खचली, मग चाकांना खालची टणक जमीन लागली आणि चिखल दोन्हीकडं फेकत ती हळूहळू पलीकडं निघाली. गोठ्यापाशी मुक्ताबाई उभ्या होत्या. म्हैस वैरण खात होती. विजयमाला बॅग घेऊन उतरली आणि आप्पासाहेब जीप कुठं लावायला हवी होती ते मुक्ताबाईंना सांगू लागले.