न जुळलेलं अर्धं

डॉक्टरांचं बोलणं पुरं व्हायच्या आतच चुडामणने सदऱ्याची बाही वर सरकवली.

"पण तुमचं निम्मंच जुळतंय," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण जुळणारं कोणीच नाही. हेच घेऊ."

त्याच्या थोरल्या बहिणीचा, उषाताईचा रक्ताचा कॅन्सर औषधांनी एकदा दबला आणि पुन्हा उसळला. आता दुसऱ्याच्या मूळ पेशी चढवणं हाच मार्ग उरला होता. धाकटी बहीण शारदा अजिबात जुळली नाही. बहादरपूरची केळीची बाग तशीच टाकून इंदूरला धावलेला चुडामण जुळला, तोही अर्धाच.

यंत्र त्याच्या रक्तातून पेशी वेगळ्या करत होतं, तेव्हा तो छताकडे बघत राहिला. बहिणीला द्यायची वेळ आली आणि आपण अर्धवट निघालो, हे त्याला खात होतं. काचेआडून ताईनं हात हलवला, तर त्याला तिच्याकडे बघवेना.

पेशी चढवल्यावर ताईचे पुढचे आठवडे वाईट गेले. ताप उतरेना, तोंड फोडांनी भरलं. बुऱ्हाणपूरच्या शाळेत वर्ग दणाणून सोडणारी ताई खुणेनं पाणी मागायची. चुडामण बाहेरच्या बाकावरून हलला नाही.

मग एका सकाळी अस्थिमज्जेच्या तपासणीचा निकाल घेऊन डॉक्टर स्वतःच बाहेर आले.

"कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. लक्ष ठेवावं लागेल, पण आज तरी नाही."

चुडामण बाकावरून उठला.

"अर्ध्यातच भागलं का, साहेब?"

"बहुतेक त्यामुळेच. रक्तात पहारेकरी पेशी असतात. समोरच्या पेशीवर त्या आपली खूण शोधतात; नसली तर तिला मारतात. ताईंच्या पहारेकऱ्यांनी कॅन्सरला घरचा समजून सोडलं. तुमच्या पहारेकऱ्यांना मात्र त्याच्यावर तुमची खूण दिसली नाही."

"म्हंजे जे जुळलं नाही..."

"तेच लढलं."

चुडामणने दोन्ही तळवे तोंडावर धरले. हसू की रडू, ते त्यालाच कळेना.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी उषाताईला सांगितलं, "आता वर्षातून एकदाच या." ती ताठ मानेनं बाहेर आली. सोबत चुडामण होता. दाराशी धूलकोटची रंभाबाई भिंतीला टेकून रडत होती. आत तिचा लेक त्याच दुखण्यानं पडला होता.

"आई असून माझं निम्मंच जुळलं वो, बाई."

उषाताईनं भावाला हलकेच पुढं ढकललं.

चुडामण रंभाबाईसमोर फरशीवर मांडी घालून बसला.

"मावशी, रडू नका," तो म्हणाला. "किती जुळलं नाही, ते आधी सांगा."